छावणीतलं हमिंग

१

भर मार्चात तहानलेली म्हैस पाण्यावरून तोंड फिरवते, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. सोळा सालच्या दुष्काळात ते डोळ्यांनी पाहिलं.

नांदूरघाटाजवळच्या आमच्या हिंगणवाडीत दूध संस्थेनं जनावरांची छावणी उघडली होती. संस्थेच्या हॉलमागं मोकळं रान, त्यात पालांखाली आसपासच्या गावांची जनावरं, आणि मधोमध लांबलचक लोखंडी हौद. संस्थेच्या विहिरीचं पाणी सकाळी टाकीत चढायचं आणि तिथून लोखंडी पाइपनं हौदात यायचं. भोवतालच्या विहिरी कधीच कोरड्या पडल्या होत्या. ही एकच तग धरून होती.

त्या दुपारी टँकरचा ड्रायव्हर मुंजाजी आपली म्हैस हौदावर घेऊन आला. तिनं पाण्याला नाक टेकवलं, मान झटकली आणि चार पावलं मागं सरली. त्यानं पुन्हा ओढली. ती हंबरली, पण पाण्याला शिवेना. मागच्या दोन बैलांनीही तेच केलं.

"पान्यात कायतरी टाकलंय कुनी," मुंजाजी म्हणाला. "न्हाईतर कावून पीत न्हाई ती?"

सगळ्यांचे डोळे धुळाजीकडं वळले. धुळाजी मेंढपाळ, छावणीची आणि विहिरीची राखण करायचा, त्या बदल्यात त्याची मेंढरं छावणीच्या कडेला बसायची. तो उठला. जाड वहाणा वाजवत हौदाजवळ गेला, ओंजळ भरली, सगळ्यांसमोर प्यायला.

"इख असलं तर मी मरतो हितंच," तो म्हणाला. "बसा बघत."

लोक खरंच बसून राहिले. धुळाजीला काही झालं नाही. तेवढ्यात संस्थेचे चेअरमन मोहनराव आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "पाण्यात काही नाही, पटलं. पण विहिरीत पाणी राहत नाही, त्याचं काय? पावसाळ्यापर्यंत पुरंल असा हिशेब होता, ती आत्ताच तळाला चाललीय. राखण कुणाची, धुळ्या?"

"माझीच, मालक."

"मग जनावरं पीत नाहीत ते तुझ्या पाळीला आणि पाणी जातंय तेही तुझ्याच पाळीला. गावातल्या पोरींची लग्नं उरकूपर्यंत थांब. मग मेंढरं घेऊन वाट धर."

भर उन्हाळ्यात मेंढरं घेऊन वाट धरायची म्हणजे कुठं जायचं, हे धुळाजीनं विचारलं नाही. तिथल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. वाटेत पाणी नव्हतंच.

२

लग्नं म्हणजे संस्थेनं ठरवलेली सामुदायिक लग्नं. छावणीत राहणाऱ्या घरांतल्या पोरी, एकाच मांडवात. वाजवायला आमची बेंजो पार्टी. मी शहादेव, बेंजो माझ्याकडं. आमचा सराव संस्थेच्या हॉलमध्ये चालायचा आणि आमच्यापुढं वेगळंच संकट उभं होतं. दुपारी बेंजो लावला की स्पीकरमधून 'घूं' असा आवाज निघायचा, ज्याला आम्ही हमिंग म्हणतो, आणि तार छेडली तरी तोच वर राहायचा. मांडवात मंगलाष्टकं त्याच माइकवर म्हणायची होती.

मी थोरल्या बहिणीला फोन केला. शिवकन्याक्का केजला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. रविवार धरून रजा टाकून ती आली आणि चहाही न घेता वायरींपाशी बसली.

"हे दोन अॅम्प्लिफायर दोन भिंतींवरच्या बोर्डांत कशाला खुपसलेत?"

"वायर पुरत नव्हती."

"आणि दोघांच्या मधल्या वायरीवरची तारांची जाळी दोन्ही टोकांना जोडलीय. म्हणजे अर्थिंगला दोन वाटा झाल्या, त्यातून करंट गोल गोल फिरतो. तोच तुझा 'घूं'."

तिनं सगळं एकाच बोर्डावर घेतलं. मधल्या वायरीची जाळी एका टोकाला सोडवून टेप गुंडाळली, दुसरं टोक कथलाचा नीट डाक देऊन पक्कं केलं. बेंजोची वायर लाइटच्या वायरीला चिकटून चालली होती, ती लांब केली. जिथं ओलांडावीच लागली तिथं आडवी ओलांडली.

"आक्का, सोपं सांगू का? अर्थिंगची पिनच तोडतो. बीडचे ऑर्केस्ट्रावाले तेच करतात. आवाज गपकन जातो."

"आवाज जातो आणि एखाद्या दिवशी माइक धरणाराही जातो. पिनला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेंजो इतका स्वच्छ वाजला की मला माझीच बोटं परकी वाटली. आम्ही खूश झालो. दुपारी जेवून परत आलो, स्विच लावला, आणि 'घूं'. आधीपेक्षा कमी, पण होताच.

आक्का रागावली नाही. तिचे डोळे लहान झाले, लहानपणी कोडं घातल्यावर व्हायचे तसे.

"बेंजो मांडीवरच ठेव आणि हळूहळू स्वतःभोवती फिर."

मी फिरलो. दाराकडं तोंड केलं तर आवाज जवळजवळ बंद. मागच्या भिंतीकडं केलं तर वाढला.

"तुझ्या बेंजोतल्या, तारांचा आवाज पकडणाऱ्या कॉइलला त्या भिंतीकडून काहीतरी ऐकू येतंय," ती म्हणाली. "सकाळी वायर हीच, बोर्ड हाच. मग दुपारी बदलतं काय?"

 कोपऱ्यात दुधाचे कॅन विसळणाऱ्या छबुबाई हात थांबवून म्हणाल्या, "बाय, दुपारचं ते दूध गार करायचं मशीनबी चावतं. सकाळी न्हाई चावत."

३

छबुबाई अनवाणी असायच्या. दुपारी मशीनला हात लागला की मनगटापर्यंत झिणझिण्या यायच्या. कुणाला सांगितलं नाही. कामावरून काढतील अशी भीती.

आक्कानं आधी त्यांना रबरी चप्पल दिली, दुपारी मशीनला हात लावायचा नाही म्हणून बजावलं, आणि मग हॉलच्या मागं गेली. मागच्या भिंतीलगत अर्थिंगचा खड्डा होता, मीठ-कोळसा भरून पट्टी पुरलेला. भोवतालचं रान भेगाळलेलं, आणि त्या खड्ड्याभोवती हातभर हिरवी हरळी. माती ओली होती.

"इथं पाणी कुठून येतं?"

"म्याच ओतते, कॅन धुतल्यालं," छबुबाई म्हणाल्या. "झाड लावलं हुतं तात्यांनी, जुन्या चेअरमननी, लिंबाचं. त्याला घालीत जा म्हनले."

"झाड कुठंय?"

"ते गेलं वाळून. पर तात्या म्हनले, घालीत ऱ्हा, मुळं जित्ती असत्यात."

आक्कानं मान डोलावली आणि धुळाजीकडं निघाली. तो पालाच्या सावलीत बसला होता. त्याच्या बोलण्यातून एकच गोष्ट नवी कळली: सकाळी सगळी जनावरं हौदावर नीट पितात. दुपारी त्यानं तेच पाणी प्लास्टिकच्या घमेल्यात काढून ठेवलं तर मुकाट पितात.

"हे चेअरमनला सांगितलं का?"

"सांगायला गेलतो, ताई. चोराचं कोन ऐकतं?"

मग मोहनराव. त्यांची डाळिंबाची बाग छावणीपलीकडं हिरवीगार उभी होती आणि गावात त्यावरून कुजबुज होतीच. त्यांनी आम्हाला बागेतून फिरवलं, आपलं शेततळं दाखवलं. अर्ध्याच्या खाली गेलेलं, पण पाणी होतं.

"लोक काय बोलतात ते कानावर येतं," ते म्हणाले. "विहीर पूर्वी तात्याबांची आणि माझ्या वडिलांची सामाईक. संस्था निघाली तेव्हा दोघांनी मिळून देऊन टाकली. दिलेली वस्तू मी चोरीन काय?"

"धुळाजीनं चोरली हे मात्र लगेच पटलं तुम्हाला," आक्का म्हणाली.

शेवटी आम्ही तात्याबांच्या घरी गेलो. तात्याबा म्हणजे संस्थेचे पहिले चेअरमन. गावात त्यांच्यासमोर कुणी मोठ्यानं बोलत नसे. त्यांची मोसंबीची बाग रस्त्यावरून दिसायची ती नुसती काटकं.

"बाग गेली पोरी," ते म्हणाले. "पंधरा वर्सं लेकरावानी जपली. असू दे. जनावरं जगली म्हंजे झालं."

त्यांच्या पत्नी सुंदरबाईंनी ताटलीत मोसंबी आणून ठेवली. "खा. उन्हातनं आलाव."

"बीडच्या बाजारातली हायेत," तात्याबा म्हणाले.

आक्कानं एक फळ उचललं, उलटसुलट पाहिलं आणि न सोलताच पिशवीत टाकलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "खाल्लं का नाहीस?"

"नंतर," ती म्हणाली. "आधी तुझी मिरवणुकीची बॅटरी कुठंय ते सांग."

४

मिरवणुकीत आम्ही बॅटरीवरचा लहान अॅम्प्लिफायर वापरतो. दुसऱ्या दुपारी तो हातगाड्यावर ठेवला. आक्कानं बेंजोऐवजी एक उघडी वायर त्याला जोडली. तिचं एक टोक हौदाच्या लोखंडाला लावलं आणि जाळीचं टोक एका खिळ्याला बांधून तो खिळा जमिनीत ठोकला, म्हैस जिथं उभी राहते तिथं.

'घूं.'

मुंजाजी बघत होता. तो दोन पावलं मागं सरला.

"गाडा बॅटरीवर आहे, लाइटचा संबंध नाही," आक्का त्याला म्हणाली. "म्हणजे हा आवाज हौदात आणि जमिनीत जो फरक आहे त्याचा. म्हशीचं नाक ओलं, तिचे पाय जमिनीवर. तिला ते टोचतं. धुळाजीच्या पायात जाड वहाणा होत्या, म्हणून तो खुशाल प्यायला. हौद पाइपला, पाइप मशीनला, मशीन अर्थिंगच्या खड्ड्याला जोडलेलं. त्या खड्ड्यात कुणीतरी करंट सोडतंय, मुंजाजी. दुपारीच."

"इख नव्हतं तर," मुंजाजी हळूच म्हणाला.

"विषापेक्षा वाईट. खड्डा कोरडा पडला असता तर हौदाला हात लावणारा माणूस जागेवर राहिला असता."

मग तिनं माझा बेंजो गाड्याला जोडला आणि माझ्या हातात दिला. "आता वाजवू नकोस. नुसता जमिनीजवळ धरून चाल. जायच्या-यायच्या दोन वायरी शेजारी असल्या की त्यांचा आवाज एकमेकींना मारतो. एकटी वायर मात्र लांबून बोंबलते. तुझ्या बेंजोला ती एकटी वायर ऐकू येतेय."

मी अनेक लग्नांत, वरातींत बेंजो वाजवला आहे. पण त्या दुपारी तो कुत्र्यासारखा हुंगत होता. खड्ड्यापाशी 'घूं' जोरात. डावीकडं गेलो की कमी, परत आलो की जास्त. मुंजाजी गाडा ढकलत होता. शेणाच्या ढिगालगत, कडब्याच्या गंजीजवळून आवाज आम्हाला सरळ ओढत नेत होता. मागं माणसं गोळा होऊ लागली. सगळे बेंजो ऐकत होते.

आवाज विहिरीच्या काठाशी जाऊन थांबला. आणि आम्ही ऐकत असतानाच तो एकाएकी बंद पडला.

आक्कानं मान वर केली. विहिरीपलीकडं, तात्याबांच्या आणि मोहनरावांच्या बांधावर एक विजेचा खांब होता. त्याच्या तारेवर अडकवलेली एक वायर अजून हलत होती. काढताना अर्धवटच निघाली होती. खांबाजवळ कुणी नव्हतं. दोन्ही बागांत शिरायला तिथून वाट होती.

५

लाइनमनकडून वीज बंद करून घेतल्यावर मुंजाजी विहिरीत उतरला. कपारीखाली दोरीला बांधलेला लहान पंप होता, संस्थेचा नव्हे. त्याचा पाइप विहिरीच्या भिंतीतल्या जुन्या लोखंडी नळाला जोडलेला. तो नळ सामाईक विहिरीच्या काळातला. बांधाखाली जाऊन दोन्ही बागांकडं फुटलेला.

एवढं पुरलं. माणसांनी हिरव्या डाळिंबाकडं पाहिलं आणि कुणीतरी टिकाव आणायला धावलं. मोहनराव बागेच्या तोंडाशी उभे राहिले. "माझं ऐका तरी."

"धुळाजीचं ऐकलं का कुनी?" गर्दीतून उत्तर आलं.

आक्का मध्ये गेली. "बाग उकरायच्या आधी माझं एक ऐका. हॉलमध्ये चला. तात्यांनाही बोलवा."

सगळे हॉलमध्ये जमले. तात्याबा खुर्चीवर बसले, सुंदरबाई दाराशी. आक्का वर्गात शिकवते तशीच बोलली, सावकाश.

"बांधावरच्या खांबावर नुसत्या जिवंत तारा आहेत, परतीची तार नाही. आकडा टाकणाऱ्याला परतीची वाट हवी होती. जमिनीतून ती मिळते, पण विहिरीभोवती कोरडा पाषाण. मग त्यानं विहिरीपासून वायर पुरली आणि गावातल्या एकाच चांगल्या अर्थिंगला जोडली. संस्थेच्या. दुपारी छावणी डुलकी घ्यायची, तेव्हा पंप चालायचा. त्याच वेळी मशीन चावायचं, जनावरं बुजायची आणि शहादेवचा बेंजो घुमायचा."

"म्हंजे कोन?" मुंजाजीनं विचारलं.

"मुंजाजी, तू नाहीस. तुझ्या हातात टँकर आहे, तुला पंप कशाला? धुळाजी नाही. मेंढरांना चोरून पाणी पाजायला वायर पुरावी लागत नाही. राहिल्या दोन बागा, एकाच नळावरच्या. पण अर्थिंग उन्हात वाळतं आणि वाळलं की पंप ओढत नाही. ज्याचा पंप, त्याला तो खड्डा ओला ठेवावाच लागणार. या दुष्काळात जमिनीत पाणी ओतायला कोण सांगेल?"

छबुबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांना कळलं होतं. आक्कानं त्यांना बोलायला लावलं नाही, स्वतःच म्हणाली, "झाड वाळल्यावरही पाणी घालत राहा, असं त्यांना सांगितलं गेलं. तात्या, मुळं कशाची जिवंत ठेवायची होती?"

सगळ्या माना तात्याबांकडं वळल्या.

"लिंबाच्या झाडावरून माझ्यावर येतेस व्हय, पोरी?" तात्याबा म्हणाले. आवाजात जरब होती. "माझी बाग वाळली. सारा गाव बघतो."

"रस्त्यावरून बघतो." आक्कानं पिशवीतून मोसंबी काढली. देठाला पान होतं. दुसरा दिवस असूनही सुकत आलेलं पान हिरवंच होतं. "बाजारातल्या ढिगात असं पान राहत नाही. हे फळ काल सकाळीच झाडावरून उतरलंय. रस्त्याकडच्या ओळी तुम्ही वाळू दिल्या, आतल्या जगवल्या."

"बाजारात एखाद्या फळाला ऱ्हातंय पान," तात्याबा म्हणाले.

"न्हाई राहत," दारातून आवाज आला.

सुंदरबाई होत्या. नवऱ्याकडं न बघता त्या आत आल्या. "बाकीच्या फळांची पानं मी खुडली हुती. एकाचं ठिवलं. हिनं ते बघावं म्हनून."

तात्याबांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग त्यांचे खांदे खाली आले आणि खुर्चीत एक म्हातारा उरला.

"झाडं सोडवली न्हाईत मला," ते म्हणाले. "वाटलं, थोडं थोडं घेतलं तर कळणार न्हाई. हौदात करंट उतरतो, ह्ये खरंच ठावं नव्हतं."

"धुळाजीवर आळ आला, ते ठाऊक होतं," आक्का म्हणाली.



६

पंप काढला, वायर उखडली. त्या दुपारी मुंजाजीनं म्हैस सोडली, ती हौदावरून हलायला तयार नव्हती. मोहनरावांनी सगळ्यांसमोर धुळाजीचे हात धरले आणि चुकलो म्हणाले. राखण तुझीच, असंही म्हणाले.

"नको, मालक," धुळाजी म्हणाला. "मेंढरं हितंच ऱ्हातील, ती तुमाला ठिवावी लागतील. पर राखनीला माझं मन लागायचं न्हाई."

"मग कोण बसंल?"

धुळाजीनं तात्याबांकडं बोट केलं. "ह्ये बसतील. पाऊस पडूपर्यंत. ज्याचं त्याचं जनावर ह्यांच्या हातनं पानी पिऊ द्या."

पोलिसात द्या म्हणणारे होते, दंड करा म्हणणारे होते. पण धुळाजीचं ऐकल्यावर सगळ्यांनी ते सोडून दिलं. तात्याबांनी नुसती मान डोलावली.

लग्नं झाली. मंगलाष्टकं स्वच्छ ऐकू गेली, बेंजोही. पण माणसं अधूनमधून मांडवाबाहेर बघत होती. हौदाशी तात्याबा बसले होते. ज्या संस्थेचे ते पहिले चेअरमन, तिच्या छावणीत दुसऱ्यांच्या जनावरांना आळीपाळीनं पुढं घेत होते. पहिले काही दिवस कुणी त्यांच्याशी बोललं नाही. दुपारी सुंदरबाई भाकरी घेऊन यायच्या आणि शेजारी बसायच्या, त्याही न बोलता. बागेच्या आतल्या ओळी एकेक करून पिवळ्या पडल्या. पाला तात्याबांनी स्वतः तोडून छावणीतल्या शेळ्यांना घातला.

एप्रिलातल्या उन्हात एकदा मी हौदाकडं गेलो तर तात्याबांच्या डोक्यावर सावली होती. चार काठ्या रोवून वर काळी घोंगडी ताणून बांधलेली. घोंगडी कुणाची ते विचारायची गरज नव्हती. गावात तशी एकाच्याच खांद्यावर असायची.

मेंढरांकडं जाऊन मी धुळाजीला विचारलं, "माफ केलंस म्हन की तात्यांना."

तो मेंढीच्या पायातला काटा काढत होता. निघाल्यावर तो बोटांत धरून उन्हात पाहिला, लांब फेकला.

"माफ न्हाई केलं, शादेव," तो म्हणाला. "पर ऊन लई हाय."